उन्हांतलीं दारें : त्यांचा इतिहास व त्यांची राखण

एखाद्या धर्मग्रामाचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे लेखक प्रथम धर्मगुरूंचीं नांवें, शाळेच्या स्थापनेचें वर्ष आणि देवळाच्या पायाभरणीची तारीख यांची जुळवाजुळव करितो. तें योग्यच आहे. परंतु ज्या वस्तूस येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाचा हात लागतो, जींतून बाप्तिस्म्याचें मूल आंत येतें, नवरानवरी बाहेर पडतात आणि शेवटीं शवपेटी नेली जाते, त्या दाराविषयीं कोणी चार ओळी लिहीत नाहीं. म्हणून जुबिलीच्या या पुस्तिकेंत दाराचा, विशेषतः कडक उन्हांत उभ्या असलेल्या लांकडी दाराचा, थोडा इतिहास वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

हा विषय दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. आपल्या मुलखांत दगडी भिंत शेंकडों वर्षें उभी राहते, पण तींतलें दार एका माणसाच्या आयुष्यांत नाहींसें होतें. वसईचा किल्ला पाहून आलेल्या वाचकांस हें निराळें सांगावयास नको. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं तो किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला. तेथील ख्रिस्तमंदिरांच्या दगडी भिंती व कमानी आजही उभ्या आहेत, पण त्या कमानींतलीं दारें व त्यांवरचीं छपरें कोठें आहेत? दगड राहिला, लांकूड गेलें. घरोघरींही हीच गोष्ट घडते. फरक इतकाच कीं, तेथें लढाई व ओसाडपणा आड आला, आणि आपल्या घरीं दार जातें तें बहुधा आपल्या दुर्लक्षानें किंवा चुकीच्या उपचारानें.

शिर्डीचें ऊन

राहाता तालुक्यांतील शिर्डी हें गांव सुमारें पावणेवीस अंश उत्तर अक्षांशावर, सह्याद्रीच्या पूर्वेस, पर्जन्यछायेच्या प्रदेशांत वसलें आहे. सूर्य येथें वर्षांतून दोनदां मध्यान्हीं ठीक डोक्यावर येतो. एकदां मे महिन्याच्या १९-२० तारखेच्या सुमारास उत्तरेकडे जातांना, आणि पुन्हां जुलैच्या २३-२४ तारखेच्या सुमारास दक्षिणेकडे परततांना. उलट २१ डिसेंबरच्या आसपास मध्यान्हींचा सूर्य क्षितिजापासून अवघा ४७ अंश वर असतो, आणि त्याचे किरण तिरपे होऊन दक्षिणाभिमुख दाराच्या थेट उंबऱ्यापर्यंत पोंचतात. म्हणजे ज्या दिवसांत आपणांस ऊन हवेंसें वाटतें, त्याच दिवसांत दक्षिणेच्या दारास तें सर्वांत अधिक लागतें.

याचा हिशोब कोणासही करितां येईल. सात फूट उंचीच्या दक्षिणाभिमुख दारावर मध्यान्हींचें ऊन पडूं नये असें वाटत असेल, तर मार्च व सप्टेंबर महिन्यांच्या २१-२२ तारखांच्या सुमारास अडीच फुटांचा छज्जा पुरतो. पण डिसेंबरांत त्याच दारास साडेसहा फूट खोल पडवी लागते. पूर्वेच्या व पश्चिमेच्या दारांस तर कोणताच छज्जा पुरा पडत नाहीं, कारण उगवता व मावळता सूर्य छज्ज्याच्या खालून आंत शिरतो.

त्यांतही पश्चिमेचें दार दुहेरी कष्ट भोगतें. सकाळभर तापलेल्या हवेनें तें आधींच सुकलेलें असतें, त्यांत दुपारीं तीनपासून सूर्य त्याच्या तोंडावर येतो. आणि जूनपासून नैर्ऋत्येचा वारा पावसाच्या सरीही त्याच बाजूनें आणितो. आतां हें लक्षांत घ्यावें कीं, वेदी पूर्वेस व मुख्य दार पश्चिमेस ठेवण्याची ख्रिस्तमंदिरांची फार जुनी रीत आहे. सर्वच देवळें तशीं बांधलेलीं नसतात. रोममधील संत पेत्राचें महामंदिरच पूर्वाभिमुख आहे. तथापि जेथें जेथें ही रीत पाळली गेली, तेथें तेथें देवळाचें सर्वांत मोठें व मानाचें दार सर्वांत कठीण दिशेस आलें. आपल्या जिल्ह्यांतील वाचकांनीं आपापल्या देवळासमोर दुपारीं चार वाजतां उभें राहून हें ताडून पाहावें.

दोन जुन्या साक्षी

दार किती काळ टिकूं शकतें याची साक्ष रोमच्या आव्हेन्तिन टेंकडीवर मिळते. तेथील सांता साबीना नांवाचें ख्रिस्तमंदिर इसवी सन ४२२ ते ४३२ या काळांत बांधलें गेलें. त्याचें सरूच्या लांकडाचें कोरींव दार आजही तेथें आहे. मूळच्या २८ चौकटींपैकीं १८ चौकटी शिल्लक असून, त्यांतील एका चौकटींत ख्रिस्ताच्या क्रूसारोहणाचें जें शिल्प आहे, तें त्या प्रसंगाच्या जगांतील अत्यंत प्राचीन शिल्पांत गणलें जातें. सुमारें सोळाशें वर्षें एक लांकडी दार टिकलें! तें कसें? त्यास कारण एखादें अद्भुत रोगण नव्हे. तें दार उघड्या भिंतींत नसून पडवीच्या आंत आहे, एवढेंच त्यांतलें मुख्य रहस्य. ऊन व पाऊस हे दोन्ही शत्रु त्याच्यापर्यंत सहसा पोंचलेच नाहींत. दाराचें पहिलें रोगण म्हणजे सांवली, हा धडा येथें मिळतो.

पण प्रत्येक दारास पडवी लाभत नाहीं. तशा दारांचें काय करावें याची दुसरी साक्ष बाराव्या शतकांतील एका संन्यासी कारागिरानें लिहून ठेविली आहे. थेओफिलस या नांवानें ओळखला जाणारा हा संन्यासी बहुधा जर्मन प्रदेशांतील बेनेडिक्टाइन मठांत राहत असे. चित्रकला, कांचकाम व धातुकाम यांवर त्यानें लॅटिन भाषेंत एक ग्रंथ लिहिला. त्यांत दारें तांबडीं कशीं रंगवावीं आणि जवसाचें तेल कसें काढावें यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. जवस कढईंत विस्तवावर पाण्याशिवाय सुकवावे, कुटून त्यांचें पीठ करावें, मग पाण्याचा हबका देऊन व गरम करून घाण्यांत पिळून तेल काढावें. त्या तेलांत शेंदूर किंवा हिंगूळ खलावा. कुंचल्यानें दारावर एक हात द्यावा, उन्हांत वाळवावा, पुन्हां दुसरा हात द्यावा, आणि शेवटीं वरून रोगण लावावें, असा त्याच्या सांगण्याचा आशय आहे.

वाचकहो, या कृतींत आपणांस परकें असें काय आहे? जवस आपल्या दक्षिणी पठाराच्या काळ्या रानांत रब्बीच्या हंगामांत पिकतो. घाणा आपल्या गांवांत तेल्याच्या घरीं होता. शेंदूर व हिंगूळ आपल्या बाजारांत पंसाऱ्याकडे मिळत. हजारों मैल दूर असलेला मठ आणि आपला गांव यांनीं लांकडावर एकच उपाय योजावा, याचें कारण उघड आहे. लांकूड सर्वत्र लांकूडच आहे, आणि सूर्यही एकच.

वाड्याचें दार

आपल्याकडील वाडे बांधणाऱ्या गवंड्यासुतारांनीं ग्रंथ लिहिले नाहींत, पण त्यांचें ज्ञान त्यांच्या कामांत दिसतें. पुण्याच्या शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजीं झाली व २२ जानेवारी १७३२ रोजीं वास्तुशांति झाली. त्याचा मुख्य दरवाजा, ज्यास दिल्ली दरवाजा म्हणतात, उत्तरेस तोंड करून आहे. त्याच्या प्रचंड सागवानी फळ्यांवर टोंकदार खिळे बसविलेले आहेत, आणि नेहमींच्या जाण्यायेण्यासाठीं एका फळींत लहान दिंडी आहे. २७ फेब्रुवारी १८२८ रोजीं लागलेल्या आगींत आंतील इमारती जळून गेल्या, पण हा दरवाजा उभा आहे. दिल्लीकडे तोंड ठेवण्यामागें राजकारणाचा अर्थ असेल; परंतु लांकडाच्या दृष्टीनें उत्तर दिशा ही सर्वांत सुखाची दिशा होय, आणि त्यांत तो दरवाजा खोल कमानींत बसविलेला आहे.

शिर्डींतच पाहावयाचें तर १९०८ सालीं हरी विनायक साठे यांचा वाडा, १९१०-११ सालीं हरी सीताराम दीक्षित यांचा वाडा, आणि पुढें नागपूरचे गोपाळराव बुटी यांचा दगडी वाडा, जो १९१८ सालीं साईबाबांचें समाधिस्थान झाला, असे तीन वाडे अवघ्या दहा वर्षांत उभे राहिले. तोंपर्यंत लहानशा खेड्याचें स्वरूप असलेल्या या गांवांत वाड्याची बांधणी अशा रीतीनें आली. वाड्याची ही बांधणी उन्हाचा विचार करूनच ठरलेली असते. दोनतीन फूट जाडीची भिंत, तिच्या मध्यावर किंवा आंतल्या अंगास बसविलेली चौकट, वर पुढें आलेली वळचण, पुढें ओटा किंवा ओसरी. अशा दारावर वर्षांतले फार थोडे तास सरळ ऊन पडतें. सधन माणूस सागवान वापरी. गरीब माणूस बाभूळ, कडुनिंब किंवा आंबा यांवर भागवी. सणावारापूर्वीं दार धुवून, वाळवून त्यास तेलाचा हात देण्याची चाल अनेक घरीं होती. कोणी त्यांत गेरू किंवा काव मिसळी. ही चाल शोभेसाठीं आहे असें सर्वांस वाटे. तिच्यांत संरक्षणही होतें.

समुद्रकांठचे लोक आणखी कांहीं द्रव्यें जाणत होते. पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकांत ब्राझीलहून काजूचें झाड गोव्यांत आणिलें, आणि काजूच्या टरफलांतून निघणारें काळें, जहाल तेल होड्यांच्या लांकडास लावण्याची रीत कोंकणांत व गोव्यांत रूढ झाली. तें तेल अंगास लागलें तर फोड येतात, म्हणूनच किडाही त्याच्यापासून दूर राहतो. परंतु दारास जें द्रव्य लावावयाचें त्यास लहान मुलांचे हात लागणार, हें विसरून चालत नाहीं.

डब्यांतला रंग आणि त्यानें दिलेला धडा

१८७८ सालीं दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली, आणि अहमदनगर जिल्ह्याच्या उत्तर भागाचा मुंबईशीं संबंध जडला. कोपरगांव, पुणतांबें या स्टेशनांवर दूरदूरचा माल उतरूं लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जर्मन व पुढें स्विस जेसुइट धर्मगुरूंनीं या जिल्ह्यांत संगमनेर, राहाता इत्यादि ठिकाणीं मिशनचें कार्य वाढविलें, तो काळही हाच. पुढें १९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें, प्रवरेचे कालवे वाहूं लागले, उंसाचा पैसा आला, आणि पक्क्या घरांची संख्या वाढली.

याच काळांत घाण्याच्या तेलाची जागा डब्यांतल्या रंगानें घेतली. १९०२ सालीं कलकत्त्याजवळ हावड्यास शालिमार कंपनीचा रंगाचा कारखाना निघाला. १९४२ सालीं मुंबईंत एशियन पेंट्स या कंपनीची स्थापना झाली. डब्यावर रंगाचें नांव छापलेलें, झांकण काढलें कीं काम सुरू. खलण्याचा, कढविण्याचा त्रास संपला. ही सोय मोठीच होती, पण तिच्याबरोबर दोन गैरसमज आले, आणि त्यांनीं उन्हांतल्या दारांचें फार नुकसान केलें.

पहिला गैरसमज असा कीं, कपाटास जें शोभतें तें दारासही शोभतें. लाखेच्या पॉलिशची झळाळी खुर्चीटेबलावर सुंदर दिसते. पलास, बोर व कुसुंब यांच्या फांद्यांवरील किड्यांपासून मिळणारी ही लाख घरांतल्या सामानास उत्तमच. पण उन्हाच्या तापानें ती मऊ पडते आणि पाण्यानें पांढरी होते. बाहेरच्या दारावर लाखेचें पॉलिश म्हणजे पहिल्या पावसापर्यंतची शोभा.

दुसरा गैरसमज अधिक खोल आहे. लांकडाचा रंग दिसावा म्हणून त्यावर जाड, चकचकीत, पारदर्शक रोगण द्यावें, म्हणजे लांकूड सुरक्षित झालें, असें अनेकांस वाटतें. युरोपांत जहाजांच्या डोलकाठ्यांसाठीं तेलाचें प्रमाण अधिक असलेलें एक लवचिक रोगण निघालें, तें याच कामीं प्रसिद्ध झालें. तरी देखील भर उन्हांतील दारावर पारदर्शक रोगण दोनतीन वर्षांच्या आंत तडकतें, त्याचे पापुद्रे सुटतात, आणि खालीं काळेकरडे डाग पडलेले दिसतात. मालक रंगाऱ्यास दोष देतो, रंगारी डब्यास दोष देतो. खरें कारण निराळेंच आहे.

लांकडाच्या तंतूंस एकमेकांशीं बांधून ठेवणारें लिग्निन नांवाचें एक द्रव्य असतें. लांकडाचा सुमारें पाव हिस्सा तेंच असतें. सूर्यप्रकाशांतील डोळ्यांस न दिसणारे अतिनील किरण हें द्रव्य तोडतात. हे किरण लांकडांत फार खोल जात नाहींत. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी जाडीच्या थरांतच ते शोषले जातात. पण तेवढा थर सुटा झाला म्हणजे पाऊस तो धुवून नेतो, आणि खालचा नवा थर उन्हापुढें येतो. अशा रीतीनें उघड्यावरचें मऊ लांकूड शंभर वर्षांत पांचसहा मिलिमीटर झिजतें. ही झीज फार मंद आहे. केवळ उन्हानें दार मरत नाहीं. पण पारदर्शक रोगणांतून हे किरण कांचेंतल्या उजेडासारखे आरपार जातात आणि रोगणाच्या खालचें लांकूडच सुटें करितात. ज्या भिंतीवर गिलावा केला ती भिंतच भुसभुशीत झाली तर गिलावा कशास धरून राहणार? मग भेगेंतून पाणी आंत जातें, रोगणामुळें तें बाहेर निघूं शकत नाहीं, आणि सडणें सुरू होतें. याचसाठीं नुसतें उघडें सागवान पुष्कळदां अर्धवट सोललेल्या रोगणाच्या सागवानापेक्षां अधिक निरोगी आढळतें.

आतां त्या बाराव्या शतकांतल्या संन्याशाकडे वळून पाहावें. त्यानें तेलांत शेंदूर कां खलला? शोभेसाठीं, हें खरेंच. पण त्या रंगाच्या कणांनीं ऊनही अडविलें. आपल्या आजीनें तेलांत गेरू मिसळला, त्याचाही परिणाम तोच. ज्या लेपांत रंगाचे कण आहेत तो लेप लांकडावर सांवलीचें काम करितो. लोहाच्या गंजापासून होणारे तांबडे, पिवळे व तपकिरी रंग, म्हणजे गेरू, काव, हिरमुंजी यांच्या जातीचे रंग, हें काम फार चांगलें करितात, आणि ते स्वतः उन्हानें विटत नाहींत. अलीकडे पारदर्शक रोगणांतही अतिनील किरण शोषणारीं द्रव्यें घालतात. त्यांनीं आयुष्य वाढतें, पण तीं द्रव्यें कालांतरानें खर्च होतात, आणि मग जुनीच गोष्ट सुरू होते.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. शेंदूर म्हणजे शिशाचा क्षार, आणि जुना सफेताही शिशाचाच. शिसें हें विष आहे. लहान मुलांच्या मेंदूस तें विशेष बाधतें. भारत सरकारनें २०१६ सालीं नियम करून घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लक्ष भागांत ९० भागांवर आणिलें, आणि हे नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. म्हणून जुन्या पद्धतीचें तत्त्व घ्यावें, तिचा शेंदूर घेऊं नये. तसेंच जुन्या दारावरचे थर खरवडतांना त्यांत शिसें असूं शकतें हें ध्यानांत ठेवून, ते कोरडे घांसूं नयेत किंवा दिव्यानें जाळूं नयेत; ओले करून खरवडावे, भुगा गोळा करून पुरता बाजूस काढावा, आणि मुलांस त्या जागीं येऊं देऊं नये.

दाराची पुन्हां उभारणी

इतिहासाचा उपयोग व्यवहारांत झाला पाहिजे. म्हणून या सर्व अनुभवांतून निघणारी कृति थोडक्यांत देतों.

काम केव्हां करावें? मे महिन्यांत नव्हे, कारण त्या दिवसांत लांकूड अति सुकलेलें असतें, भेगा रुंद असतात, आणि लावलेला लेप आंत मुरण्यापूर्वींच वरून वाळतो. पावसाळ्यांत नव्हे, कारण लांकूड फुगलेलें असतें. पाऊस सरल्यावर कांहीं आठवडे जाऊं द्यावे. दिवाळीपासून पुढचा हंगाम उत्तम. आपल्या धर्मग्रामांस तर ही वेळ लक्षांत ठेवणें फारच सोपें आहे, कारण आगमनकाळ नेमका याच दिवसांत येतो. नाताळापूर्वीं देऊळ झाडतांना दाराकडेही पाहावें.

शक्य असेल तर दार बिजागऱ्यांवरून उतरवून सांवलींत आडवें ठेवावें. भर उन्हांत कधीं रंगवूं नये. सैल झालेले सर्व थर काढावे. करडा पडलेला भाग कांचकागदानें तंतूंच्या दिशेनें घांसून खालचें ताजें लांकूड लागेपर्यंत न्यावा. या पायरीवर आळस केला तर पुढचें सर्व व्यर्थ; कारण सुट्या तंतूंवर कोणताच लेप धरत नाहीं. घांसल्यावर दार तसेंच उन्हांत ठेवूं नये, कारण दोनतीन आठवड्यांच्या उन्हानेंही ताज्या लांकडाची लेप धरण्याची शक्ति कमी होते. सागवानास स्वतःचें तेल असतें व त्यामुळें रोगण नीट वाळत नाहीं. म्हणून लेपापूर्वीं तें टर्पेंटाइनच्या फडक्यानें पुसावें.

भेगा व खिळ्यांचीं भोंकें लुकणानें भरावीं. खडूची पूड व जवसाचें तेल यांचें जुनें लुकण अजूनही चांगलें. तें थोडें लवचिक राहतें. मोठी भेग मात्र लुकणानें भरूं नये. तींत त्याच जातीच्या लांकडाची चीप सुताराकडून बसवून घ्यावी.

मग पातळ थर, आणि अनेक थर. पहिला थर टर्पेंटाइननें पातळ केलेला असावा, म्हणजे तो आंत मुरतो. सर्वांत अधिक लक्ष दाराच्या खालच्या व वरच्या कडांकडे द्यावें. लांकूड पाणी पितें तें मुख्यतः तंतूंच्या टोंकांतून, आणि तीं टोंकें उभ्या फळ्यांच्या खालींवर उघडीं असतात. दर्शनी बाजू तीनदां रंगविली आणि खालची कड कोरी ठेविली, अशीं दारें पुष्कळ. तीं सर्व खालूनच सडतात. दोन्ही बाजूंस सारखे थर द्यावे, नाहींतर दार वांकतें.

लेप कोणता घ्यावा, हें दाराच्या दिशेवर ठरवावें. पडवीच्या आंतील किंवा उत्तरेच्या दारास तेलाचा हात किंवा चांगलें बाहेरचें रोगण चालेल. पूर्वेच्या व दक्षिणेच्या दारास तपकिरी किंवा तांबूस रंग मिसळलेला, तंतु दिसूं देणारा लेप बरा. पश्चिमेच्या उघड्या दारास पूर्ण रंगच हवा, मग लांकडाची नक्षी थोडी झांकली तरी हरकत नाहीं. आणि तो रंग फार काळपट नसावा, कारण गडद दार दुपारीं हातास चटका बसण्याइतकें तापतें आणि तितक्याच जोरानें आकसतें. कच्च्या जवस-तेलास वाळावयास अनेक दिवस लागतात, कारण तें पाण्यासारखें उडून जात नाहीं, तर हवेंतील प्राणवायु घेऊन घट्ट होतें; म्हणून बाजारांतलें बेलतेल घ्यावें. या क्रियेंत उष्णता उत्पन्न होते. तेलानें भिजलेलीं फडकीं बोळा करून कोपऱ्यांत टाकिलीं तर तीं आपोआप पेट घेतात. तीं पाण्यांत भिजवावीं किंवा मोकळीं पसरून वाळवावीं. एवढ्या एका अज्ञानानें जगांत अनेक इमारती जळल्या आहेत.

आणि शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा. लेप तुटण्याची वाट पाहूं नये. वर्षांतून एकदां दार ओल्या फडक्यानें धुवावें, आणि पाण्याचे थेंब लांकडावर मोत्यासारखे राहतात कीं लगेच जिरतात हें पाहावें. जिरूं लागले कीं हलकें घांसून एक थर द्यावा. उन्हांतल्या दारास हें दर दीडदोन वर्षांनीं करावें लागतें. अर्ध्या दिवसाच्या या कामानें पुढचें आठ दिवसांचें खरवडणें वांचतें.

आज काय पणास लागलें आहे

आज शिर्डी हें पूर्वींचें खेडें राहिलें नाहीं. २०१७ सालीं तेथें विमानतळ सुरू झाला. रस्त्यांच्या दोहों बाजूंस उंच इमारती, कांचेचीं व पत्र्याचीं दारें दिसतात. आसपासच्या गांवांतही जुनें घर पाडलें म्हणजे त्याची चौकट व फळ्या जुन्या बाजारांत जातात, आणि शहरांतले शौकीन लोक त्या चढ्या किंमतीस घेऊन भिंतीवर टांगतात. ज्या दारास आपण निरुपयोगी म्हणून काढिलें, तें दुसऱ्याच्या दिवाणखान्यांत मौल्यवान ठरतें, यांत आपलें काय हरवलें हें समजतें. दाट वर्षवलयांच्या जुन्या सागवानाच्या रुंद फळ्या आतां नव्यानें सहज मिळत नाहींत. एकदां दार गेलें कीं तें गेलेंच. आणि त्याबरोबर रंधा व पटाशी चालविणाऱ्या हातांचें कामही जातें.

कोणी म्हणेल, लोखंडी दार बसवावें म्हणजे कटकट मिटली. प्रत्येक ठिकाणची सोय निराळी असते, आणि जेथें लांकूड पूर्ण सडलें आहे तेथें वाद नाहीं. परंतु लोखंडासही गंज आहे व त्यासही दर कांहीं वर्षांनीं रंग लागतोच. निगा कोणत्याच दारास चुकत नाहीं.

जुबिलीच्या प्रसंगीं एका दाराची आठवण सहजच होते. रोममधील संत पेत्राच्या महामंदिरांत जें पवित्र दार जुबिली वर्षीं उघडतात, तें १९४९ सालापर्यंत लांकडी होतें. १९५० च्या जुबिलीसाठीं तेथें कांशाचें दार बसविण्यांत आलें, आणि तें स्वित्झर्लंडच्या कॅथोलिक जनतेनें, आपला देश महायुद्धांतून वांचला म्हणून कृतज्ञतेनें, अर्पण केलें. ज्या देशांतून आपल्या जिल्ह्यास अनेक धर्मगुरु लाभले, त्याच देशाची ही देणगी. हेंच दार २०२५ च्या जुबिलीसाठीं २४ डिसेंबर २०२४ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं उघडलें. आपल्या धर्मग्रामांस कांशाचें दार परवडणारें नाहीं, आणि त्याची गरजही नाहीं. ज्यांनीं दुष्काळाच्या व हालाच्या दिवसांत पैसा पैसा जमवून आपल्या देवळास लांकडी दार लाविलें, त्यांच्या श्रमांचें मोल कांशाहून कमी नाहीं.

म्हणून सूचना एवढीच कीं, प्रत्येक धर्मग्रामानें एक लहानशी वही ठेवावी. तींत प्रत्येक दाराची दिशा, लांकडाची जात, शेवटचा लेप कोणता व कोणत्या सालीं दिला, हें लिहावें. सुतारकाम किंवा रंगकाम जाणणाऱ्या एका वडीलधाऱ्या गृहस्थानें दोन तरुणांस बरोबर घेऊन दर आगमनकाळीं दारें तपासावीं, आणि तपासतांना त्या तरुणांस लांकूड ओळखावयास शिकवावें. पुढच्या जुबिलीची पुस्तिका लिहिणाऱ्यास ती वही हातीं येईल, आणि देवळाच्या दाराचा इतिहास त्यास भिंतींत शोधावा लागणार नाहीं. दार उभें असेल; तोच इतिहास.